गोळा कुणाच्या डोक्यावर?

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागतात, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत शामियाना पडतो आणि पहाटेपर्यंत माणसे तिथून हलत नाहीत. अशाच एका नाटकाच्या रात्री काढलेला फोटो तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. घेऊन येणारा तरुण घाबरलेला होता.

फोटोत ताडपत्रीवर बसलेल्या बायांची पहिली रांग होती. रांगेच्या टोकाला एक वयस्क विधवा, आणि तिच्या डोक्याच्या थोडे वर तीन पांढुरके गोळे. एक ठळक, दोन फिकट. फोटो काढणाऱ्या पोराच्या मनात काहीच नव्हते. पण फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला. कुणीतरी त्या गोळ्यांभोवती लाल वर्तुळ काढले आणि बाईचे नाव न घेता खाली एक प्रश्न टाकला. त्याच आठवड्यात तिच्या शेजारच्या घरातला सहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणलेला होता. दोन गोष्टी जोडायला गावाला वेळ लागला नाही.

‘‘भाऊ, तुम्ही फोटोतलं जाणता म्हणून आलो जी. हे काय होय ते कागदावर लिहून द्या. माझी काकी आहे ती.’’

मी लिहून दिले नाही. त्याचे कारण पुढे येईल. आधी तो गोळा काय असतो ते पाहू. कारण या विषयावर श्रद्धाळूंनी लिहिलेले पुष्कळ आहे, त्यांना खोडून काढणारेही आहे, आणि दोन्ही वाचून झाल्यावर माझे असे मत झाले आहे की पहिल्यांचे भौतिकशास्त्र चुकते आणि दुसऱ्यांची वेळ चुकते.

डोळ्यांना न दिसलेले

इंग्रजीत या गोळ्यांना ऑर्ब म्हणतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, म्हणजे डिजिटल कॅमेरा घरोघर पोचल्यापासून, जगभर हा शब्द भूत-प्रेताच्या चर्चेत रुळला. आमच्याकडे लोक नुसते ‘गोळा आला’ म्हणतात. त्याची लक्षणे सगळीकडे सारखीच. गोल, पांढरा किंवा निळसर, अर्धपारदर्शक, कडा थोडी उजळ, आत कधी कधी चेहऱ्यासारखे काहीतरी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोटो काढताना तो कुणालाच दिसलेला नसतो. नंतर पडद्यावर दिसतो.

हा शेवटचा मुद्दा नीट धरून ठेवला पाहिजे. जंगलात डोळ्यांना दिसणारे उजेड वेगळे. पावसाच्या तोंडावर चमकणारे काजवे, बॅटरीच्या झोतात चमकणारे चितळाचे डोळे, गवतात ठिणगीसारखे दिसणारे कोळ्याचे डोळे, रानात वाट चुकवणाऱ्या चकव्याच्या गोष्टी, या सगळ्यांत पाहणारा माणूस हजर असतो. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. ऑर्ब पाहणारा मात्र एकटा कॅमेरा असतो. म्हणून चौकशीची सुरुवात कॅमेऱ्यापासूनच व्हायला हवी. स्मशान कुठे आहे, घरात कोण वारले, हे प्रश्न त्यानंतरचे. प्रत्यक्षात उलटे घडते. आधी घराचा इतिहास निघतो आणि कॅमेरा शेवटपर्यंत साक्षीदार म्हणून निर्दोष राहतो.

स्टुडिओतली एक चूक

मी शास्त्राचा पदवीधर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वीसेक वर्षे फोटो स्टुडिओ चालवला. प्रकाशशास्त्र जे काही आले ते जुन्या पाठ्यपुस्तकांतून आणि खराब झालेल्या फोटोंतून. रोलच्या जमान्यात माझ्याकडे ३५ मिलिमीटरचा कॅमेरा होता. पट्टीवर बसवलेली फ्लॅशगन लेन्सपासून वीतभर दूर असायची. शेकडो वराती काढल्या, बँडपुढे नाचणाऱ्यांनी उडवलेल्या फुफाट्यात काढल्या, पण फोटोत गोळा आल्याचे आठवत नाही.

पुढे एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला आणि पहिल्याच लग्नसराईत नवरीच्या आजूबाजूला चकत्या दिसू लागल्या. गिऱ्हाइकाने अर्धे पैसे कापले. मला वाटले, लेन्सला बुरशी लागली. कॅमेरा घेऊन नागपूर गाठले, लेन्स पुसून आणली. दुसऱ्या लग्नात पुन्हा चकत्या. तेव्हा मी कॅमेऱ्याला दोष दिला, दुकानदाराला दोष दिला, पण हवेकडे पाहिले नाही. तीच माझी चूक.

कारण असे. हवेत धुळीचे कण, पाण्याचे बारीक थेंब, चिलटे सतत तरंगत असतात. फ्लॅश उडतो तेव्हा लेन्सच्या अगदी पुढ्यात असलेला कण झळाळतो आणि तो उजेड सरळ लेन्सकडे परततो. समजा, कॅमेऱ्याने तीन मीटरवरच्या माणसावर नेम धरला आहे आणि कण दहा सेंटिमीटरवर आहे. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे माणसाला जेवढा उजेड मिळतो त्याच्या सुमारे ९०० पट त्या कणाला मिळतो. इवलासा कण, पण न्हाऊन निघालेला.

तो ठिपका न दिसता चकती का दिसतो? कारण तो फोकसमध्ये नसतो. फोकसबाहेरचा कुठलाही तेजस्वी बिंदू लेन्सच्या छिद्राच्या आकाराची चकती बनून उमटतो. छोट्या कॅमेऱ्याचे छिद्र साधारण दोन मिलिमीटर रुंद धरले, तर दहा सेंटिमीटरवरचा कण तीन मीटरवरच्या दृश्यात सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीची चकती होऊन बसतो. पाच सेंटिमीटरवर असेल तर जवळजवळ १२ सेंटिमीटर. केसाइतक्या जाडीच्या कणाची अशी ताटलीएवढी आकृती होते आणि ती माणसाच्या डोक्याशेजारी तरंगताना दिसते. फोटोला खोली नसते. जवळचे आणि दूरचे एकाच कागदावर येते आणि आपला डोळा त्या चकतीला माणसाच्या अंतरावर नेऊन बसवतो. सगळा घोळ या एका गैरसमजात आहे. लेन्सच्या नाकाशी असलेली वस्तू आपण दूर उभ्या माणसाच्या डोक्यावर ठेवतो.

मग जुन्या कॅमेऱ्यात हे का होत नसे? एक कारण फ्लॅशगनचे अंतर. लेन्सच्या अगदी पुढ्यातल्या हवेत तिचा झोत पोचतच नसे. दुसरे कारण छिद्र. माझ्या जुन्या लेन्सचे छिद्र नेहमीच्या वापरात सहा मिलिमीटरच्या आसपास असे. छिद्र तिप्पट रुंद झाले की चकती तिप्पट मोठी होते, पण बाकीच्या दृश्याच्या मानाने नऊ पट फिकी पडते. म्हणजे गोळे तेव्हाही होते, फक्त ते इतके पसरट आणि मंद असत की दिसत नसत. डिजिटल कॅमेरा आल्यावर भुते वाढली नाहीत, छिद्रे लहान झाली आणि फ्लॅश लेन्सला येऊन चिकटला. मोबाइलमध्ये तर दोघांत बोटभरही अंतर उरलेले नाही.

गोळ्याच्या खुणा

हे स्पष्टीकरण मानावे की नाही हे माझ्या शब्दावर सोडायचे कारण नाही. गोळ्यावरच्या खुणाच ते सांगतात.

पहिली खूण आकाराची. काही छोट्या कॅमेऱ्यांत छिद्र लहान करण्यासाठी दोनच पाती असतात, त्यामुळे छिद्र चौकटच्या पत्त्यासारखे होते. अशा कॅमेऱ्यात गोळेही चौकटच्या आकाराचे येतात. सहा पात्यांच्या कॅमेऱ्यात षट्कोनी दिसतात. फोटोच्या कडेला गेलेला गोळा बदामासारखा चेपतो, कारण तिरपा येणारा उजेड लेन्सच्या कडेने कापला जातो. बाहेर खरोखर काही तरंगत असते तर कॅमेरा बदलल्यावर त्याने आपला आकार का बदलावा? गोळ्याचा आकार हा कॅमेऱ्याच्या आतल्या छिद्राचा ठसा आहे.

दुसरी खूण पारदर्शकतेची. गोळ्यातून मागची भिंत दिसते, कारण तो भिंतीच्या प्रतिमेवर पडलेला जास्तीचा उजेड असतो. ‘गोळा खांबाच्या मागे गेला आहे, म्हणजे तो दूर होता’ असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. असे फोटो नीट पाहावेत. बहुतेक वेळा तो खांब पांढरा किंवा उजेडाने भरलेला असतो. पांढऱ्यावर थोडा पांढरा पडला तर दिसणार कसा? गोळा तिथे असतोच, फक्त विरून जातो.

तिसरी खूण आतल्या नक्षीची. कणाच्या ओबडधोबड कडेवरून उजेड वाकतो आणि चकतीत वलये, ठिपके उमटतात. लेन्सवरचे डागही त्यातच दिसतात. त्या ठिपक्यांत चेहरा शोधणे हे माणसाच्या डोळ्याचे जुने काम आहे. आपण ढगात हत्ती पाहतो, खडकात गणपती पाहतो. दोन ठिपके आणि खाली एक रेघ एवढे त्याला पुरते.

चौथी खूण ऋतूची. आमच्या भागात गोळे केव्हा येतात ते मी वहीत टिपत आलो आहे. धानाची मळणी चालू असताना, भात गिरण्यांच्या आसपास, मंडईच्या आणि शंकरपटाच्या गर्दीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुरात, पावसाच्या भुरभुरीत, आणि थंडीत फोटो काढणाऱ्याच्या तोंडासमोरच्या वाफेत. पाऊस पडून गेल्यावर, हवा धुतली गेल्यावर, त्याच जागी ते येत नाहीत. आत्म्यांना मळणीच्या हंगामाची एवढी ओढ का असावी, याचे उत्तर श्रद्धाळू लेखनात मिळत नाही.

गोळा म्हणजे प्रत्येक वेळी धूळच, असेही नव्हे. लांब शेपटीचा गोळा बहुधा उडता किडा असतो. एका ओळीत आलेले रंगीत गोळे समोरच्या दिव्याचे लेन्सच्या काचांत झालेले प्रतिबिंब असते. घरोघर लागलेल्या सीसीटीव्हीत तर लेन्सभोवतीच अदृश्य अवरक्त उजेडाचे दिवे असतात. त्यासमोरून गेलेला पतंग पांढऱ्या गोळ्यासारखा झपकन जातो आणि कोळ्याचा एक धागा वाऱ्याने हलला की अंगणात कुणीतरी फिरल्याचा भास होतो. ‘सीसीटीव्हीत कैद झाले भूत’ म्हणून फिरणाऱ्या चित्रफिती पाहताना त्या कॅमेऱ्यावरचे जाळे कुणी झाडले होते का, हा पहिला प्रश्न असावा.

परलोकाचा छायाचित्रकार

छायाचित्रात मृतात्मा शोधण्याची हौस कॅमेऱ्याइतकीच जुनी म्हणावी लागेल. अमेरिकेत बोस्टनच्या विल्यम ममलर याने १८६१ च्या सुमारास गिऱ्हाइकांच्या मागे त्यांच्या मृत नातेवाइकांच्या धूसर आकृती दाखवायला सुरुवात केली. यादवी युद्धात घरोघर माणसे गेलेली, त्यामुळे धंदा चालला. १८६९ मध्ये न्यूयॉर्कात त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, पण तो पुराव्याअभावी सुटला. पॅरिसचा एदुआर ब्युगे मात्र १८७५ मध्ये पकडला गेला. त्याने गुन्हा कबूल केला, आत्मे बनवायला वापरलेले बाहुले आणि मुखवटे सापडले. तरीही काही गिऱ्हाइके न्यायालयात सांगत राहिली की आमच्या फोटोतला चेहरा आमच्याच माणसाचा आहे. इंग्लंडच्या विल्यम होपची लबाडी हॅरी प्राइसने १९२२ मध्ये उघडी केली, पण त्याचेही भक्त कमी झाले नाहीत. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. द. ऋषी यांनी मुंबईत परलोकविद्येचा प्रसार केला आणि सुशिक्षित मराठी माणसे प्लँचेटभोवती बसू लागली. भुताचा नाद अडाण्यांनाच असतो, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

ऑर्बवाल्यांचा एक मोठा फरक मान्य केला पाहिजे. ममलर, ब्युगे, होप हे फसवणारे होते. ऑर्बचे फोटो काढणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात. त्यांनी काहीच बनवलेले नसते. म्हणूनच त्यांना ‘खोटारडे’ म्हणणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही.

या पक्षाची गंभीर मांडणी म्हणून २००७ मध्ये आलेले ‘द ऑर्ब प्रोजेक्ट’ हे पुस्तक घेता येईल. लेखक दोघे, मीहॉल लेडविथ आणि क्लाउस हाइनेमान. एक धर्मशास्त्राचा माणूस, दुसरा भौतिकशास्त्राचा. धूळ आणि थेंब यांच्यामुळे अशा चकत्या उमटतात हे ते नाकारत नाहीत, ही त्यांची जमेची बाजू. पण काही चकत्या त्यापलीकडच्या आहेत, आत्मिक अस्तित्वाच्या आहेत, असा त्यांचा दावा आहे. इथेच प्रश्न उभा राहतो. धुळीची चकती आणि आत्म्याची चकती वेगळी ओळखायची कशावरून? दोन्ही सारख्या दिसत असतील तर निवड करणारा कोण? निवड शेवटी पाहणाराच्या मनावर येऊन थांबते. फोटो काढताना वातावरण प्रसन्न होते, गोळ्यांना बोलावले आणि ते आले. पण शेकडो फोटो काढायचे, गोळा आलेले ठेवायचे, न आलेले विसरायचे, ही मोजणी नव्हे. ज्या दाव्याला खोटे ठरण्याची वाटच ठेवलेली नाही, तो खरा ठरला असे तरी कसे म्हणायचे?

गंमत अशी की यातून मार्ग काढला तो भुतांच्या शोधात निघालेल्यांनीच. ब्रिटनमध्ये अगम्य घटनांचा शास्त्रीय अभ्यास करणारी ‘असॅप’ ही संस्था १९८१ पासून आहे. लेन्ससमोरच्या ज्या पट्ट्यात फ्लॅशचा झोत आणि कॅमेऱ्याची नजर एकत्र येतात तिथेच ऑर्ब जन्मतो, हा ‘ऑर्ब झोन’चा विचार तिथून पुढे आला. भूतसंशोधक स्टीव्ह पार्सन्स याने फुजीचा दोन लेन्सचा, त्रिमिती फोटो काढणारा कॅमेरा वापरला. दोन्ही लेन्समध्ये साडेसात सेंटिमीटर अंतर आणि दोन्हींचा फोटो एकाच क्षणी. दूरवरची वस्तू दोन्ही फोटोंत यायलाच हवी. पण ऑर्ब एका फोटोत दिसत होता आणि जोडीच्या फोटोत नव्हता. म्हणजे तो एका लेन्सच्या अगदी पुढ्यात होता. आपला डावा डोळा मिटून नाकापुढे बोट धरावे, मग उजवा मिटावा. बोट उडी मारते, समोरचे झाड मारत नाही. तेच हे तत्त्व. भुतावर विश्वास ठेवायला तयार असलेल्या माणसाने आपल्याच हाताने आपला पुरावा काढून टाकला, याला मी खरी समीक्षावृत्ती म्हणतो.

साडेतीन कोटी फोटोंचे जंगल

जगात सर्वाधिक रात्रीचे फोटो कुठे निघत असतील तर ते आमच्यासारख्या जंगलांत. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले गेले. एकूण ३,४८,५८,६२३ फोटो मिळाले. त्यांत ७६,६५१ वाघाचे आणि ५१,७७७ बिबट्याचे होते. ताडोबा-अंधारी त्यातलेच एक क्षेत्र. उरलेल्या कोट्यवधी फोटोंत इतर जनावरे, माणसे, गुरे आणि हललेले गवत. झाडाच्या खोडाला, जमिनीलगत, धुके-पाऊस-किडे यांच्या मधोमध बांधलेल्या अशा कॅमेऱ्यात पांढऱ्या चकत्या येणे ही रोजची बाब असते. पण वाघाच्या पट्ट्यांवर चकती आली म्हणून कुणी वाघ झपाटला असे म्हणत नाही. तो फोटो ‘धूसर’ म्हणून बाजूला पडतो किंवा पट्टे जुळवून वाघ ओळखला जातो. तीच चकती, तेच जंगल. फक्त चकतीखाली वाघाऐवजी एकटी बाई आली की तिचा अर्थ बदलतो.

चंद्रपूरकराने या चकतीकडे आणखी एका नजरेने पाहायला हवे. कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्राची राख, सिमेंटचे कारखाने, रात्रंदिवस धावणारे ट्रक. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर देशात चौथे आले होते. आपल्या फोटोत गोळे येतात यात नवल कसले? आणि गोळा करणारा कण त्यातल्या त्यात मोठा असतो. फुप्फुसात खोल उतरणारे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतात. ते फोटोत सहसा वेगळे दिसत नाहीत. ज्याला भ्यायला हवे ते दिसत नाही आणि जे दिसते त्याला आपण भलत्याच कारणाने भितो.

आपल्या बाजूची उणीव

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे माझ्या स्वतःच्या पक्षाकडे वळतो. विवेकवादी लेखनात ऑर्बबद्दल जे सापडते ते बहुतेक दोन ओळींत संपते. ‘ती धूळ असते’ आणि पुढे एखादा विनोद. विधान बरोबर आहे. पण ते वाचणारा कोण? ज्याला आधीच पटलेले आहे तो. शिवाय असे लेखन गोळ्याला एक कोडे समजते. कोडे सुटले की काम संपले. आमच्या दोन जिल्ह्यांत ते तिथे संपत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध बायका होत्या. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा येथे एक बाई आणि एक पुरुष, दोघे पन्नाशी ओलांडलेले, यांना अशाच संशयातून जाळून मारण्यात आले. या घटनांशी फोटोचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. सांगायचे आहे ते इतकेच की आमच्याकडे संशयाला पुरावा लागत नाही, आणि पुरावा म्हणून काही हाती आलेच तर त्याची किंमत माणसाचा जीव असू शकते.

कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे ज्यासाठी झगडा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये आला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत वश करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. फोटोभोवती लाल वर्तुळ काढून खाली प्रश्न टाकणाऱ्या पोराला याची कल्पनाही नव्हती.

म्हणून मी त्या तरुणाला कागद लिहून दिला नाही. माझा कागद घेऊन तो गावात गेला असता तर वाद ‘शहाण्याचा कागद विरुद्ध गावाचा अनुभव’ असा झाला असता. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नारळातून आग काढून दाखवतात, निखाऱ्यावरून चालून दाखवतात. त्यांची ताकद दाखवण्यात आहे, सांगण्यात नाही. फोटोच्या बाबतीत मात्र आपण नुसते सांगत बसलो. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात गेलो.

फोटो ज्या मोबाइलने काढला होता तोच मागवला. शामियान्याची जागा तीच. पोरांना एक सतरंजी झटकायला लावली आणि फ्लॅश चालू करून फोटो काढायला सांगितले, काढणाराही तोच पोरगा. गोळे आले. पाटलाच्या डोक्यावर आले, शाळेच्या गुरुजींच्या पोटावर आले, माझ्या टकलावर दोन आले. पोरे हसू लागली. मग फ्लॅश बंद करून काढला, गोळे गेले. दोन मोबाइल शेजारी-शेजारी धरून एकाच वेळी काढले, दोन्हींत गोळे वेगवेगळ्या जागी. आता प्रत्येक जण आपापला मोबाइल काढून करून पाहू लागला. अर्ध्या तासात गावात गोळा नसलेला माणूस उरला नाही.

मला वाटले, काम झाले. तेव्हा मागे बसलेले एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘ते समजलं जी. धूळ तर धूळ. पण मग पोरगा कशानं पडला?’’

त्या प्रश्नाने माझी वीस वर्षांची फोटोविद्या संपली. ब्युगेच्या गिऱ्हाइकांची गोष्ट मी तोवर नुसती वाचली होती, त्या संध्याकाळी समजली. फोटो हा संशयाचा उगम नव्हताच. संशय आधीपासून होता, त्याला फक्त एक दाखला हवा होता. दाखला काढून घेतला तरी संशय जागच्या जागी राहतो, कारण त्याच्या मुळाशी एक खरा प्रश्न असतो. पोरगा का पडला? त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते होते आशाताईकडे. तिने आदल्याच दिवशी पोराच्या बोटाचे रक्त तपासले होते, मलेरिया निघाला होता, गोळ्या सुरू झाल्या होत्या. पण हे तिने पोराच्या आईला सांगितले होते, गावाला नाही. मी तिला उभे राहून सांगायची विनंती केली. पावसाळा संपता संपता आमच्याकडे हा ताप दरवर्षी येतो, गावात आणखी कुणाला थंडी वाजत असेल तर उद्या तपासून घ्या, एवढेच ती बोलली. त्या रात्री माझ्या चकत्यांपेक्षा तिची दोन वाक्ये जास्त कामाची ठरली. आठवड्याभरात पोरगा खेळायला लागला.

यातून मी जो निष्कर्ष काढला तो साधा आहे. गोळ्याचे स्पष्टीकरण नाव जोडले जाण्याच्या आधी पोचले पाहिजे. एकदा चकतीखाली एखाद्या बाईचे नाव लागले की भौतिकशास्त्र एकटे पुरत नाही, तिथे तापाचे कारण, गावातल्या भांडणाचे कारण, जमिनीच्या तुकड्याचे कारण, सगळेच उलगडावे लागते. नाव लागण्याआधी मात्र एक सतरंजी आणि एक मोबाइल पुरतो. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला दहा मिनिटांत होणारा हा प्रयोग आहे. त्याला पैसा लागत नाही. तो अजून होत नाही, कारण आपण त्याला भुताचा विषय समजतो, आणि भुताचा विषय वर्गात नको असतो.

त्या बाईचे पुढे काय झाले, हे विचारले जाते. तिला कुणी हात लावला नाही. पण पुढच्या मंडईला ती नाटकाला आली नाही. त्यापुढच्या वर्षी आली, आणि मागे, उजेडापासून दूर बसली. तो फोटो गटावरून काढून टाकला आहे असे सगळे सांगतात. लाल वर्तुळ कुणी काढले होते, ते अजून कुणी सांगत नाही.

या दिवाळीतही फटाक्यांच्या धुरात फोटो निघतील आणि त्यांत गोळे येतील. घरातल्या लहानांना ते दाखवावेत, सतरंजी झटकून आणखी काढावेत, आपल्या डोक्यावर आलेले मोजून हसावे. मग मंडईच्या रात्री एखादा फोटो गटावर येईल, तेव्हा निदान एक तरी पोर म्हणेल की हे तर आमच्याही घरी आले होते.